सुभेदार आणि माझी तिहाई

सुभेदार एसटीत बसले की बोलत नसत. सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. ती ओली राहावी म्हणून ते कोरेगावच्या स्टँडवरच तोंडात धरत आणि सांगली येईपर्यंत काढत नसत. कराडला गाडी बदलतानाही नाही. कंडक्टर आला की सुटे पैसे पुढे करायचे आणि पाटीकडे बोट दाखवायचं. एकदा एका नव्या कंडक्टरनं त्यांना मुकं समजून सवलतीचं कार्ड मागितलं. सुभेदारांनी रीड काढून रुमालात ठेवली, म्हणाले, "मुका न्हाई, भाऊ. तोंडात सामान हाय." आणि रीड पुन्हा तोंडात.

हा किस्सा मी पुष्कळांना सांगितला आहे. लोक हसतात, मीही हसतो. मग कुणीतरी विचारतं, "हल्ली कुठे वाजवतात ते?" तेव्हा मला पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

त्यांची माझी ओळख पाण्यामुळे झाली. मी पाटबंधारे खात्यात. साताऱ्याला होतो तेव्हा कोरेगावच्या बाजूच्या पाटांची पाहणी माझ्याकडे होती. एका दुपारी आल्याच्या रानाच्या कडेनं चाललो होतो, तर विहिरीवरच्या मोटरच्या खोलीतून एक नाट्यपद ऐकू आलं. गळा माणसाचा नव्हता. पण पद ओळखीचं होतं, आमच्या सांगलीच्या बुवांचं. बुवांनी नाटक कंपनीसाठी आयुष्यभर चाली बांधल्या, आणि आमच्या घरात त्या चाली तोंडी लावण्यासारख्या रोज असत. वडील हौसेनं तबला वाजवत, त्यांच्यामागे मी. म्हणून मी पायरीवर थांबलो.

मुखडा अगदी बुवांचा होता. अंतऱ्याच्या पुढे मात्र पद कुठे गेलं ते कळेना. सूर वाकत होते, मागे रेंगाळत होते, मधेच धावत होते. मी सवयीनं मात्रा मोजायला लागलो. मात्रा बरोबर पडत होत्या, आणि तरी मला सारखं वाटत होतं की हा माणूस आता पडणार. घाम फुटला मला, उगाच. तो पडला नाही. मोटर बंद पडली तेव्हा थांबला.

"लाईट गेली," आतून आवाज आला. "या आत, सायेब. पाणी मोजायचं असंल तर आता मोजा. आता एक थेंब बी न्हाई, चुकायची भीती न्हाई."

आत एक उंच, सडपातळ म्हातारा स्टुलावर बसला होता. अंगात बनियन, खाकी अर्धी चड्डी, आणि पायात इतके चकचकीत काळे बूट की त्यात खिडकीतला उजेड दिसत होता. बूट घातल्याशिवाय ते कधीच वाजवत नसत. रानात चिखल असला तरी बूट पिशवीतून आणायचे, खोलीत घालायचे, वाजवायचं, काढून पुन्हा पिशवीत. पलटणीच्या बँडमध्ये आयुष्य काढल्याची ती खूण होती.

मोटरच्या खोलीतच का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "मोटरचा सूर हाय न्हवं? तानपुरा कशाला? सरकार थ्री फेज देतंय, मी रियाज करतो." वीज ज्या आठवड्यात पहाटेची, त्या आठवड्यात रियाज पहाटेचा. दुपारची असली की दुपारचा. व्होल्टेज उतरलं, मोटर कण्हायला लागली, की सुभेदारही तिच्याबरोबर खाली उतरत. पलीकडच्या रानातल्या शेतकऱ्याला मी एकदा विचारलं, त्रास होत नाही का? तो म्हणाला, "त्रास कसला, आवं? उलट बरं हाय. पिपाणी वाजली की समजायचं लाईट आली, पळायचं मोटर चालू कराया."

सुभेदारांचे वडील तीन हंगाम बुवांच्या कंपनीत तंबू ठोकायला होते. पदं त्यांनी तंबूच्या बाहेरून ऐकलेली. घरी येऊन ते ती म्हणत, निम्मे शब्द चुकीचे. तीच पदं घेऊन हा मुलगा पलटणीत गेला. तिकडे ईशान्येच्या कुठल्याशा छावणीत एक म्हातारा गोव्याचा बँडमास्तर त्याला भेटला. संचलनाला कूच वाजवायचं आणि शनिवारी अफसरांच्या मेसमध्ये जॅझ. त्या मास्तरानं पोराला एक गोष्ट शिकवली: गाणं आधी जसंच्या तसं पाठ करायचं आणि मग ते पाठ आहे हे विसरून वाजवायचं. पोरानं विचारलं, विलायती गाणं कशाला, आमच्या बुवांचं पद वाजवलं तर चालेल का? मास्तर म्हणाला, वाजव. तेव्हापासून सुभेदार तेवढंच करत आले होते. सगळी नोकरी, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं. दुसऱ्या कुणाचं गाणं ते वाजवत नसत.

मी दर रविवारी तबला घेऊन जायला लागलो. पहिल्यांदा ते मला साहेब म्हणत, महिन्याभरात मी गड्या झालो. पहिल्या दिवशी मी ठेका धरला, त्यांनी तालाची दोन आवर्तनं ऐकली आणि सॅक्सोफोन मांडीवर ठेवला.

"ह्या पदात बाई कुठं उभी हाय?"

"खिडकीत. नवरा यायची वाट बघतेय."

"खिडकीतनं काय दिसतंय?"

"ते मला काय माहीत?"

"मग ठेका कुनाकडं बगून वाजीवतुयास, गड्या? भिताडाकडं?"

त्यांनी मला सगळ्या पदांचे शब्द पाठ करायला लावले. पद कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, त्याआधी काय घडलंय. तबलजीला हे कशाला हवं, असं मी विचारलं की म्हणत, "मी भाएर भटकाया जातो. तवा तू घरात पायजेस. घरात कोन हाय ते तुला म्हाईत नको?" वाजवताना ते स्वतः शब्द मनात म्हणत. जिथे पदात स्वल्पविराम, तिथे ते श्वास घेत. पुढे तर मला त्यांच्या श्वासावरून कळायला लागलं की पद कुठे आहे. कितीही लांब गेलं तरी.

शेवट करायचा असला की ते डावी भुवई उचलत. मग मी तिहाई घ्यायची. तबला न ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: एकच बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या खेपेला नेमकं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं. ऐकणाऱ्याला काही न सांगता कळतं की संपलं. टाळ्या आपोआप पडतात.

संपवण्याची त्यांना घाई नसे. इस्लामपूरला एका पुतण्याच्या लग्नात हौसेनं वरातीपुढे वाजवायला उभे राहिले. बँडवाल्यांनी चालू गाणं धरलं, यांनी त्यातून बुवांचं विरहाचं पद काढलं आणि निघाले. घोडा थांबला, नवरदेव थांबला, बँडवाले कंटाळून नुसते उभे. शेवटी नवऱ्या मुलाचा मामा पुढे आला. "आवं सुभेदार, मुहूर्त टळतोय. गाणं घरी न्या आता." सुभेदारांनी तोंडातून सॅक्सोफोन अर्धा काढला, म्हणाले, "येतंय, येतंय. वळणावर हाय," आणि खरंच आणखी चार आवर्तनांनी मुखड्यावर आले. मामानं हात जोडले.

माझी बदली सांगलीला झाली, तरी रविवारी कधी मी कोरेगावला जायचो, कधी ते एसटीनं माझ्याकडे यायचे, आणि दोन वर्षांनी मी बुवांच्या स्मृतिसमारंभाच्या मंडळाचा चिटणीस झालो. काम कुणाला नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त वकील. बुवांच्या कन्या, ज्यांना सगळे ताई म्हणतात, दर वर्षी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसतात. त्या चौऱ्यांशीच्या आहेत, एका कानानं कमी ऐकतात, आणि त्यांच्यासमोर गायला मोठे गवई घाबरतात. एकानं मागे एका पदात दोन ताना जास्त घेतल्या तर त्या भर सभेत म्हणाल्या होत्या, "हे तुमचं झालं. आता बाबांचं म्हणा."

अशा ठिकाणी मी सुभेदारांचं नाव सुचवलं. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बुवांच्या लेकीम्होरं?" आणि त्या आठवड्यात त्यांनी बुटांना दोनदा पॉलिश केलं, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.

वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "चिटणीस, माणूस तुमचा आहे. पद पदासारखं वाजवायला सांगा. ताईंना त्रास झाला तर मी सभेत तुमचंच नाव घेईन." हे मी सुभेदारांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित ते आलेच नसते, किंवा आले असते आणि मला सोडून दुसरा तबलजी मागितला असता. दोन्ही परवडलं असतं.

नाट्यगृह भरलं होतं. सुभेदार पांढऱ्या शर्टात, टाय लावून. खिडकीतल्या बाईचं पद. मुखडा त्यांनी असा वाजवला की मागच्या रांगांतून लोक शब्द पुटपुटायला लागले. अंतराही. वकीलसाहेब विंगेत उभे राहून मान डोलवत होते. मग सुभेदारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघाले.

पहिली काही आवर्तनं लोकांनी सहन केली. मग कुजबुज झाली. थोड्या वेळानं चौथ्या रांगेतला एक गृहस्थ उठून बाहेर गेला, त्याच्या खुर्चीची फळी धाडकन वर झाली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, कपाळाला हात लावला होता आणि बोटं हलत होती. मला वाटलं, झालं. विंगेत वकीलसाहेबांनी मनगट वर करून घड्याळावर बोट ठेवलं.  बोट तबल्याच्या काळ्या शाईवर पडतंय की कडेच्या किनारीवर, ते मला कळत नव्हतं. सुभेदारांनी भुवई उचलली नव्हती. ते पार लांब होते, डोळे मिटून.

आणि मी तिहाई घेतली.

पहिल्या बोलाला त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्याला माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याला भलत्याच वेळी शिट्टी ऐकू यावी तसं. त्यांना वाजवत राहता आलं असतं, मी तोंडघशी पडलो असतो, सगळ्यांना कळलं असतं की तबलजी चुकला. त्यांनी तिसऱ्या बोलाबरोबर सूर वळवला आणि माझ्याबरोबर समेवर येऊन थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी टाचा जुळवून सलाम केला.

कुणालाही काही कळलं नाही. वकीलसाहेबांनी माझी पाठ थोपटली, "वेळेत आवरलंत, छान." रंगपटात सुभेदार सॅक्सोफोनच्या नळीतून फडकं ओढत होते. मी दारात उभा राहिलो. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, शिवी द्यावी. ते म्हणाले, "कराडची गाडी कितीला हाय?"

त्यानंतर मी रविवारी गेलो नाही. आधी कामाचं निमित्त होतं, मग कामं संपली तरी गेलो नाही.

कुणीतरी तो कार्यक्रम मोबाईलवर घेतला होता. मी तो कितीदा ऐकला ते सांगायची लाज वाटते. ऑफिसला जाताना, जेवताना, कानात घालून. मला एवढंच शोधायचं होतं की सुभेदार खरंच भरकटले होते का. भरकटले असते तर मी त्यांना वाचवलं, असं म्हणता आलं असतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा ऐकताना मला ते सापडलं. कितीही लांब गेले असले तरी दर समेवर त्यांनी खालचा एक बारीक सूर दिला आहे. एवढासा, दारावर टिचकी मारल्यासारखा. तो लोकांसाठी नव्हता. माझ्यासाठी होता. मी घाबरणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून प्रत्येक वळणावर ते सांगत होते, इथे आहे, इथे आहे. मी एकदाही ऐकला नाही.

इथपर्यंत जे केलं ते घाबरून केलं. पुढचं मी ठरवून केलं, आणि तेच सांगणं अवघड आहे.

समारंभानंतर आठ दिवसांनी मी फोटो द्यायला ताईंकडे गेलो. बोलणी खायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी फोटो बाजूला ठेवले.

"चिटणीस, ते सुभेदार मधेच का थांबले हो?"

मी म्हणालो, "वेळ झाली होती, ताई."

"वेळ कुणाला झाली होती? मी मोजत बसले होते. पद बाहेर नेलं होतं त्यांनी, अजून परत आणायचं होतं. आणि तुम्ही लोकांनी टाळ्या काय वाजवल्यात?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. बुवा दुपारी, कंपनीचे लोक झोपले की, पायपेटीवर आपलीच पदं घेऊन बसत आणि असंच करत. मोडत, वाकवत, लांब नेत. छोटी ताई खाली बसून पायपेटीचा भाता बघत असे. नाटकात मात्र तसं कधी वाजवलं नाही. प्रेक्षकांना पद तबकडीवर असतं तसंच लागे. "बाबा गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि अर्ध्यावर बंद झालं. त्यांना घरी घेऊन या एकदा. माझ्यासाठी पुरं वाजवू देत."

मी हो म्हणालो. आणि आणलं नाही.

कारण ते आले असते तर ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला असता, का थांबलात? आणि सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी मी तो निरोप दाबून ठेवला. ताईंचा फोन आला की म्हणायचो, आल्याची लावणी चालू आहे. मग म्हणायचो, पाऊस आहे. मग, त्यांना बरं नाही. असं करत अकरा महिने गेले. ताई शेवटी म्हणाल्या, "तुमचे सुभेदार फारच आजारी असतात हो." त्यांचा आवाज साधाच होता.

गेल्या महिन्यात सुभेदारांच्या सुनेचा फोन आला; सासऱ्यांना ती मामा म्हणते. "मामांचं तोंड वाकडं झालंय, दादा. चेहऱ्याची डावी बाजू सगळी गेली. डाक्टर म्हणत्यात हळूहळू येईल, न्हाई तर न्हाई. बोलत न्हाईत जास्त. तुमी या एकदा, तुमचं नाव काढत असत्यात."

ते खोटं आजारपण मी पाच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मला अंधश्रद्धा नाही. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

गेलो तेव्हा ते मोटरच्या खोलीतच होते. मोटर चालू होती, बूट पायात होते. डाव्या गालाला ओठापासून कानापर्यंत दवाखान्यातली चिकटपट्टी ओढून लावली होती. सॅक्सोफोन तोंडात होता, पण सुरापेक्षा हवाच जास्त येत होती. मला बघून त्यांनी तो खाली ठेवला.

"ये गड्या. पट्टी लावली की दोन मिनिटं सूर निघतोय. मग हवा सुटती." एवढं बोलायला त्यांना वेळ लागला. प आणि ब नीट उमटत नव्हते.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिहाई मी मुद्दाम घेतली, घाबरून घेतली, तुम्ही भुवई उचलली नव्हती.

ते म्हणाले, "त्येचं काय एवढं? मीच चुकलो हुतो त्या दिवशी. वाट सापडंना. तू हात दिलास."

हे खोटं होतं. मी तो बारीक सूर शेकडो वेळा ऐकला होता. त्यांनी इतक्या सहज खोटं सांगितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, जणू पाण्याची घागर. तिथेच गप्प बसलो असतो तर चाललं असतं. सून चहा घेऊन आली होती. पण मी ताईंचा निरोपही सांगितला. पायपेटीचं, दुपारचं, सगळं.

सुभेदारांनी कप खाली ठेवला. 

"कवा म्हनाल्या त्या असं?"

"कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांनी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. घाई न करता, पेरावर अंगठा ठेवत.

"तवा माजं तोंड चांगलं हुतं," ते म्हणाले.

राग नव्हता. पाट किती वाजता सुटला ते सांगावं तसं सांगितलं. मी सुनेकडे पाहिलं, ती कप घेऊन बाहेर गेली. मी म्हणालो, "पुढे काय वाजवणार होतात, तेवढं सांगा. मी लिहून घेतो, ताईंना नेऊन देतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही काढता काढता थांबलो.

"पुढं काय हुतं ते मला काय म्हाईत? वाजीवल्याबिगर कसं कळनार? त्या दिवसाचं गेलं ते, गड्या." मग म्हणाले, "लाव फोन त्येस्नी."

मी मोटर बंद केली. मी स्पीकर चालू करून फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. ताईंनी ओळख करून घ्यायला वेळ घालवला नाही.

"सुभेदार, तुम्ही मधेच का थांबलात?"

"माजी चूक झाली, ताईसाहेब. मोजताना चुकलो."

"मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मी फोन उचलला. "ते चुकले नव्हते, ताई. मी थांबवलं. मी तिहाई घेतली. आणि तुमचा निरोप मी त्यांना आजपर्यंत दिला नव्हता. ते आजारी नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगत होतो. आता मात्र खरंच आजारी आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"बाबांचे तबलजीही असेच घाबरायचे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर ते दुपारी एकटे वाजवायचे." मग आवाज बदलला. "सुभेदारांना द्या. अहो सुभेदार, काय झालंय तुम्हाला?"

"तोंड वाकडं झालंय."

"माझे कान कुठे सरळ आहेत? मी रविवारी येते. हे चिटणीस आणतील मला गाडीनं. वाजेल तेवढं वाजवा, नाही वाजलं तर गुणगुणा. पण पद घरी आणल्याशिवाय मी तिथून उठणार नाही, सांगून ठेवते."

सुभेदारांचा उजवा गाल हलला. हसले असावेत. फोन बंद झाल्यावर ते मला म्हणाले, "तबला घिऊन ये. भुवईचं इसर, ती माजं ऐकत न्हाई आता. संपवायचं झालं तर मी बूट आपटीन. तवर थांबायचं न्हाई. हवा सुटली तरी न्हाई. मी गप झालो तरी बी न्हाई. आलं ध्यानात?"

मी हो म्हणालो. मी ताईंनाही हो म्हणालो होतो, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

काल डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, जोर लावून फुंकू देऊ नका. हे मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगून बघा त्येस्नी." वकीलसाहेबांना कुठून तरी कळलं, त्यांनी विचारलं, "चौऱ्यांशीच्या बाईंना एवढ्या लांब नेताय, काही झालं तर?"  दोघांपैकी कुणालाही काही होऊ शकतं. सुभेदारांच्या तोंडून दोन मिनिटांत नुसती हवा येईल, मी साधा ठेका वाजवत राहीन, समोर ताई डोळे मिटून मोजत असतील, आणि त्या खोलीत माझ्याशिवाय कुणीच काही वाजवत नसेल. तेव्हा माझे हात काय करतील, हे मला माहीत नाही.

म्हणून रोज ऑफिसातून आलो की तबला काढतो, समोर घड्याळ ठेवतो आणि अर्धा तास नुसता ठेका वाजवतो. तोंडानं खिडकीतल्या बाईचे शब्द म्हणतो. बायको दारात येऊन विचारून गेली, "संपत का नाहीये हे?" बोटांना जुनी सवय आहे, कुठे थोडी शांतता वाटली की ती तिहाईकडे वळतात. मी त्यांना परत ठेक्यावर आणतो. आज तीनदा आणली. रविवारला अजून चार दिवस आहेत.